न टेकलेल्या पाहुण्याचा खुलासा

रा. रा. विठ्ठलराव यांस उमापूरहून त्रिंबकचा मनापासून रामराम. आपण व केसरबाई खुशाल असाल, जनावरं-पाणी ठीक असेल, अशी आशा. (फोनच केला असता, पण आपला फोन कायम स्पीकरवर असतो आणि हा विषय पारावर ऐकवण्यासारखा नाही.)

दीड महिन्यामागे मी आमच्या लेकीसाठी, राजनंदिनीसाठी, नांदूरघाटला आपलं घर पाहायला आलो आणि दोन तास उभा राहिलो. आपण दहा वेळा म्हणालात, "पाव्हणं, बसा की!" मी दहा वेळा म्हणालो, "उभंच बरं हाय." पाहुणा टेकला नाही म्हणजे स्थळ नापसंत, एवढं मलाही कळतं. मध्यस्थ धोंडीराम तर घरी येईपर्यंत माझ्यावर खेकसत होता. पण खरं सांगतो, मला बसायचं होतं. बसायची जागाच शाबूत नव्हती. तिथे लिंबाएवढं गळू झालं होतं. वर्षातलं पाचवं.

आधीची चार मी उष्णतेच्या नावावर घातली. आंबे सोडले, सब्जा प्यालो, गव्हाच्या पिठाची पोटिसं बांधली. एक दाबून फोडलं, तर शेजारी दुसरं हजर. अंग पुसायला घरात सगळ्यांत मिळून एकच टॉवेल. (आहेरात आलेले सतरा पेटीत होते, पण ते पुढे दुसऱ्याला द्यायचे असतात.)

आपण रागावलात, पण केसरबाईंनी बरोबर ओळखलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या मंडळींना, चंद्रभागेला, त्यांचा फोन: "ताई, पाव्हण्यांना गळू झालंय का वो? सारखंच व्हत असलं तर रगतातली साखर बघा. माझ्या भावाचं असंच झालतं." तपासली, तर तीनशे वीस! डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, गोळ्या पुऱ्या संपवायला लावल्या, हाताने दाबायचं नाही अशी तंबी दिली आणि आहेराची पेटी उघडायला लावली. आता माणशी एक टॉवेल, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेला. शुगरच्या गोळ्याही चालू आहेत. तेव्हापासून नवं गळू नाही. आणखी वर्षभर आंब्यालाच शिव्या देत बसलो असतो तर पायावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. विठ्ठलराव, केसरबाईंचे हे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

आपला,
त्रिंबक

ता. क. – धोंडीराम म्हणतो, सोमवारी आपण तेलगावच्या स्थळाला शब्द देणार. तेवढं थांबवा. मला घर पसंत आहे.

आणखी एक ता. क. – काहून पसंत, तेही सांगतो. आपल्या बैठकीत बसलेल्याला समोरची भिंत दिसते. उभ्याला खिडकीतून स्वयंपाकघर दिसतं. तिथे केसरबाई पाय चोळत पाटावर बसल्या होत्या आणि आपले चिरंजीव सुरजराव गॅसपुढे उभे राहून आमच्यासाठी पोहे परतत होते. पोहे लई खारट झाले होते. राजनंदिनीला तेही सांगितलं. तरी तिचा होकार आहे.