प्योकाकांचा अर्धा डाव

प्रिय दादा,

इथे दोग्येला यंदा थंडी लवकर आली. बाबांना आता दिवसभर प्राणवायूची नळी लागते, पण जेवण बरं आहे. किमची तेवढी बारीक चिरून द्यावी लागते. फोन त्यांच्या उशाशीच असतो आणि कान अजून तिखट आहेत, म्हणून हे सगळं लिहूनच कळवते.

प्योकाका आठवतात ना तुला? खाणीत बाबांच्या जोडीला असायचे, पगाराच्या दिवशी तुला खांद्यावर घेऊन दारू प्यायला बसायचे. दोघांच्या छातीत एकाच बोगद्याची धूळ. काकांचं जास्त बिघडलं. थेबेकच्या इस्पितळात त्यांच्या घशात नळी बसवली आणि बोलणं संपलं. तेव्हापासून दोघं, बाबा घरून आणि काका खाटेवरून, संगणकावर बादुकचा डाव मांडायचे. जेवण झालं की बाबा जोडणीच्या चिन्हावर टिचकी मारणार, नेट लागलं की पट उघडणार. काळे खडे बाबांचे, पांढरे काकांचे, आणि मधेमधे टाइप करून शिव्या. "म्हातारड्या, झोपलास की मेलास?" असं काकांनी लिहिलं की बाबा खोकला येईपर्यंत हसायचे.

मग एक दिवस ते चिन्हच गेलं. नेटवर्कची विंडो उघडली तर आत काहीच नाही, पांढरं फटक. डाव अर्ध्यावर. बाबा माझ्यावर खेकसले, "पुसता पुसता तूच काहीतरी दाबलंस!" मदत केंद्राला फोन केला, तर तिथला माणूस म्हणतो, "चिन्हावर उजवी टिचकी मारा." मी म्हटलं, "अहो, चिन्हच नाहीये." "असं होत नाही बाई, नीट बघा." दुरुस्तीवाला आला आणि हे धूड भंगारात द्या म्हणाला. बाबा त्याच्यावर असे धावून गेले की नाकातली नळी निघाली. इस्पितळात फोन करू या, असंही मी सुचवलं. "फोनवर काय त्याचा श्वास ऐकत बसू?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेवटी मीच बसले. वायर बदलली, नेटचं कार्ड काढून पुन्हा बसवलं, काही उपयोग नाही. मग संगणकात आपोआप चालणाऱ्या सेवांच्या यादीत सापडलं. नेटवर्क जोडण्या सांभाळणारी सेवाच बंद करून ठेवलेली. संगणक वेगवान करून देणारा कुठलासा फुकट प्रोग्राम बाबांनी चालवला होता, त्यानं ती बिनकामाची समजून बंद केली होती. हे मी त्यांना सांगणारच नव्हते. पण ते मागे उभे राहून वाचत होते.

सेवा चालू केली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि चिन्ह आलं. "आलं गं, आलं!" बाबा केवढ्यांदा ओरडले! नेट लागलं. काकांचे निरोप साठले होते. "खेळ ना." "हरायला लागलास म्हणून पळालास, भित्र्या?" मग, "रुसलास का रे?" मग नुसतंच, "मी आहे इथे." आणि सगळ्यांत खाली काकूंचा. "हे गेले. तुम्ही कशावरून रागावलात, तेच शेवटपर्यंत विचारत होते."

बाबा रडले नाहीत. सगळे निरोप पहिल्यापासून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "मीरान, ते चिन्ह घालव."

"बाबा, अहो..."

"घालव म्हणतो ना!"

मी ती सेवा पुन्हा बंद केली. आता रोज जेवण झालं की ते त्या रिकाम्या विंडोसमोर जाऊन बसतात. शेजारच्या आजी डोकावल्या की सांगतात, "नेट गेलंय हो, नाहीतर आज प्योला हरवलंच असतं." मला वाटलं, भ्रम झाला. तसं नाही. काकूंकडे त्यांनीच माझ्या हाती तांदूळ पाठवले, आणि मी परत आल्यावर त्या कशा आहेत एवढंच विचारलं. त्यांना सगळं माहीत आहे.

परवा फोनवर तुलाही ते नेट गेल्याचं बोलले, आणि तू म्हणालास, "सुट्टीत येतो, पाच मिनिटांत लावून देतो." लावशीलच तू, दादा. तुझा हात आधी त्याच यादीकडे जाईल. म्हणून हे पत्र. ये, जरूर ये. संगणकापुढे बस, दोनचार कळा दाब, त्याला शिव्या घाल. आणि मग बाबांकडे वळून म्हण, माझ्याच्यानं नाही होत हो हे.

तुझीच धाकटी,
मीरान