मधली भिंत

१४ जाने.
संक्रांत. वाणवशाला आलेल्या बाया आधी भिंतीतली भेग बघतात, मग तिळगुळाला हात पुढं करतात. घराची मागची बाजू काळ्या मातीत खचतच चाललीय. स्वयंपाकघराचं दार लागत नाही. हे म्हणाले, "बघ तुला काय करायचं ते," आन गेले ड्युटीवर. एसटी चालवणाऱ्याला घर कुठं दिसतं!

१९ जाने.
धारूरहून रशीद मिस्त्री आले. पाया उकरून बघितला. म्हणाले, "ताई, मुरूम लागस्तोवर खोदून काँक्रीट भरावं लागंल. पर आधी मधली भिंत जॅकवर उचलून घ्यायची, दोन्ही अंगानं. पलीकडचं कुलूप कोण काढतंय?"
पलीकडं धाकटा दीर आन माझी जाऊ मंगल. दिवाळीपासून ऊसतोडीला. घर एकच, वाटणीत मधोमध कापलेलं.

२० जाने.
मंगलला फोन केला.
"आमी आल्यावर बघू की, अक्का."
म्हणलं, तवर भिंत थांबंल का?
"तुमाला कावून एवढी घाई? उचलायच्या नावानं आमच्याकडं सरकवताल."
फोन मीच कापला. वीतभर जागा घेऊन मी काय डोक्यावर ठिवू?

२७ जाने.
मिस्त्री दुसऱ्या कामावर. परसात पायाचा खड्डा तसाच. लई वैताग.

३ फेब्रु.
नळाला पाणी आलं. आपला नळ बंद करून आत आले तरी आवाज चालूच. भिंतीला कान लावला. मंगलच्या मोरीतला नळ उघडा! म्हणजे ते गेल्यापासून दर पाळीचं पाणी आपल्या घराच्या पायातच...
तिचा फोन बंद. दिराचाही.
खलातल्या बत्त्यानं कुलूप तोडलं. कुणाला विचारलं न्हाई.
आत फरशी फुगलेली. त्यांची भेग आपल्यापेक्षा मोठी. गोधड्यांची चळत भिजून बुरशी धरलेली. नळ बंद केला, गोधड्या उन्हात टाकल्या. तिच्यावर संतापायचं होतं, पण तिचं घर तसं बघून नीट संतापताही येईना.

४ फेब्रु.
मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली,
"मीच उघडा ठिवला का?"
निघायच्या गडबडीत राहिला आसंल, म्हणलं.
"कुलूप?"
नवं लावलंय.
"मग लावा जॅक." तेवढ्यात मागून दिराचा आवाज, "न्हाई म्हण तिला!" फोन कट.
मी मंगलचं तेवढं ऐकलं, असं धरलं.

९ फेब्रु.
मिस्त्री परत आले, जॅक लावले, भिंत बोटभर वर आली. आपलं दार लागलं! दोनदा लावून बघितलं. तेवढ्यात पलीकडून मिस्त्रींची हाक. मंगलचं दार चौकटीत गच्च बसलं, आन मिस्त्री आत. खिडकीतून चहा दिला. शेवटी बिजागऱ्या काढून बाहेर आले. आता तिच्या घराला दारच न्हाई.

११ फेब्रु.
दिराचा फोन. मला न्हाई, ह्यांना. मुकादमाला सांगून दोघं निघालेत, सकाळी पोचतील. "तवर भिंतीला हात लावायचा न्हाई."
हे म्हणतात, येऊ दे त्याला. मिस्त्री म्हणतात, जॅकवर भिंत अशी किती दिवस ठेवायची? उद्या काँक्रीट पडलंच पाहिजे.
मिस्त्रींना सांगितलं, उजाडायलाच या. ह्यांना सांगितलं न्हाई. आता आधी कोण पोचतंय...