पोहोचल्याचा फोन

रविवार, दिवे लागल्यावर

माझा सूरज सकाळच्या विमानाने नाशिकला गेला. गेलेलं माणूस पोहोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही आमची रीत. नागपूरहून दीड तास लागतो, म्हणजे दुपारच्या आत फोन यायला हवा होता. आला नाही. त्याने सांडलेला बिस्किटांचा चुरा दिवसभर ओलांडत फिरले. बसने जायचा तेव्हा रात्रभर रस्त्यात असायचा, पण उतरल्या उतरल्या फोन करायचा.

शेवटी मीच लावला. "अवं आई, कधीचाच पोहोचलो. दीड तासाचा तर रस्ता, त्यात काय कळवायचं?" मागे टीव्ही चालू होता. बरं, म्हटलं आणि ठेवला.

दीड तासाचा रस्ता! मग दोन वर्षांनी काहून येतोस रे? ओठांवर आलं होतं, गिळलं. विचारलं तर तेवढंही यायचा नाही.

फोन ठेवेपर्यंत दिवेलागण झाली. आता केर काढला तर लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणजे चुरा रात्रभर तसाच. मुंग्यांची रांग लागली आहे त्यावर. लागू दे. या घरात कोणीतरी आपणहून आलं.