होडीतला पांढरा गोळा

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार करतेय, पण दातओठ खात.

आईने पाठवलेला फोटो पाहिला. होडीत तुम्ही ज्या पांढऱ्या गोळ्यावर ऐटीत बसलाय, तो बसण्यासाठी नाही हो! तो आमच्या ऑफिसने समुद्रात सोडलाय. पाण्याबरोबर वाहत तो प्रवाहाची दिशा आणि पाण्याचं तापमान कळवतो. उपग्रहाने वरून मोजलेलं तापमान बरोबर आहे का, ते आम्ही त्याच्यावरून ताडून बघतो.

आणि तुम्ही तो उचललात! रोज पहाटे तो खोल समुद्रात जायचा, दुपारी बंदरात येऊन उन्हात तापायचा. मी भर मीटिंगमध्ये सांगून बसले की गरम प्रवाह किनाऱ्याकडे वळलाय. साहेब म्हणाले, "प्रवाह जेवायला घरी जातो वाटतं?" सगळे खो खो हसले.

बाकी मी मजेत आहे. वेळेवर जेवते.

पण बाबा, आता कित्येक दिवस आमच्या नकाशावरचा त्या गोळ्याचा ठिपका बंदरातून हललेलाच नाही. म्हणजे होडीही हललेली नाही. आणि आई लिहिते, 'बाबा ठणठणीत आहेत, रोज समुद्रावर जातात.' कुणाला फसवताय? गुडघा धरलाय, की पुन्हा छातीत दुखतंय? मला कोणी काही सांगणार आहे की नाही?

गोळा दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही. तुम्ही उचललात, तुम्हीच सोडायचा. डॉक्टर हो म्हणाले की स्वतः होडी काढा. ऑफिसात पाऊल टाकल्याबरोबर मी आधी तुमचाच ठिपका बघते.

अजून रागातच असलेली,
तुमची थोरली