एकूण बरोबर होतं म्हणे

बुधवार, सांजचं. कारेगाव.

कंपनीतल्या साहेबानं आज माझ्या नातीला, शोभाला, कागद धाडला. 'चूक माझीच हाय' असं तिनं लिहून द्यायचं. एवढा शिकलेला माणूस, आन् भाजलेल्या हाताची सही मागतो.

शोभा रांजणगावला इन्व्हर्टर तपासती. त्यात वीज साठवणारे चार कपॅसिटर ओळीनं जोडलेले असतात. चौघांनी व्होल्टेज सारखं वाटून घ्यायचं, आन् कुणाकडं जास्त जायला लागलं की एक कार्ड ते सारखं करतं. सोमवारी त्या कार्डाचीच तपासणी राहिली होती. साहेब म्हणला, "गाडी भरायला उभी हाय. एकूण व्होल्टेज बघ आन् सोड." हिनं बघितलं, एकूण बरोबर होतं. पर कार्डच बिघडलेलं, तिसऱ्या कपॅसिटरनं बाकीच्यांचं बी वढून घेतलं आन् फुटला. हिचा उजवा हात कोपरापतूर भाजला.

"आज्जे, देते सही. न्हाईतर काढून टाकतील."

"कुठल्या हातानं देणार गं?"

हसली न्हाई. मी बी न्हाई.

मला रडू येत न्हाई. राग बी न्हाई. भाकरी केली, तिला भरवली, भांडी घासली. एकूण बरोबर होतं म्हंजी काय बरोबर होतं? फुटला तो तिसरा.

कागदाच्या मागं मीच लिहिलं, तपासणी कुणी राहू दिली? अक्षर वाकडं हाय, असू दे. उद्या पहिल्या पाळीला मी स्वतः गेटवर जाऊन देणार. शोभानं तोंड उघडायचं न्हाई. उत्तर साहेबानंच द्यायचं, आन् ते बी लिहून.