पाठीची खोळ

नेरळ, गुरुवार
१९ एप्रिल १९७९

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नव्हता, पण तुला पत्र दुसऱ्या कशाने सुरू करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. टेंपोवाल्या चांगोकडून तुझा निरोप मिळाला. बुलेटची पाठ, म्हणजे मागे बसणाऱ्याला टेकायची ती, आजच त्याच्याबरोबर पाठवून दे, आणि वरची खोळ काढून ठेव. बस्स, एवढाच निरोप. मी कशी आहे, कर्जतला घरी कधी येणार, यातलं अवाक्षर नाही. निरोप सांगताना चांगो माझ्याकडे बघत नव्हता. परक्या माणसाला लाज वाटली रे, तुला नाही वाटली.

ही पाठ कुणासाठी केली होती ते विसरलास का? लहानपणीच्या तापात माझी कंबर आणि डावा पाय अधू झाला. गाडीवर मागे बसले की खड्ड्याखड्ड्याला मी कलंडायची आणि तुझा शर्ट धरून ओरडायची. म्हणून तू मला चौकला बुधाजीच्या गॅरेजात नेलंस. दोन तऱ्हा होत्या. एक वेल्डिंग करून कायमची बसवायची, दुसरी सीटमागच्या नळ्यांत सरकवून हाताने दोन पेच पिळायची, हवी तेव्हा काढायची. बुधाजीने मला सीटवर बसवून माझ्या कमरेच्या उंचीवर खडूची खूण केली आणि म्हणाला, "बाय, पक्कीच बसवून घे. काढघाल केली का ढिली व्हते." मलाही पक्कीच हवी होती. तू मात्र गाडीभोवती घिरट्या घालत बसलास आणि शेवटी काढती घेतलीस. मागे खताची गोणी बांधता येईल म्हणालास. मला पटलं. तू सांगितलेलं मला सगळंच पटायचं.

खोळ मी शिवली, तुझ्या जुन्या पॅंटच्या कापडाची, आणि लाल दोऱ्याने त्यावर 'अंबू' असं काढलं. तुझी गाडी कुणी पळवली तरी पाठ माझी म्हणून ओळखता येईल, असं म्हणत तू किती हसला होतास. त्या पाठीला टेकून मी खंडाळ्याचा घाट चढले, पालीचा गणपती बघितला. अलिबागला वाळूत माझी काठी रुतायला लागली तेव्हा तू पेच सोडवून पाठ काढलीस, वाळूत रोवलीस आणि मला तिला टेकवून समुद्रासमोर बसवलंस. त्या दिवशी मला काढत्या पाठीचं केवढं कौतुक वाटलं होतं!

आणि शिमग्यानंतर, खालापूरहून तुला सांगून आलेल्या हिरूच्या घरची माणसं आपलं घर बघायला येणार म्हटल्यावर, तू मला चार दिवस हवापालट म्हणून इथे गोदूआत्याकडे आणून सोडलंस. तिच्या दारातच पाठ काढलीस. घरात टेकायला होईल तुला, म्हणालास. मी वेडी, माझा भाऊ माझा किती विचार करतो हे दिवसभर आत्याला ऐकवत होते. ती बिचारी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. मला कळलं ते चांगो सोयरीक जमल्याचे पेढे घेऊन आला तेव्हा. तुझ्याविषयी तो सहज बोलून गेला, "पदूला ना भाऊ ना भयीन, असंच सांगितलंय तिकडं. करवली म्हनून चुलत्याची भागू उभी ऱ्हानार हाय." तो पेढा माझ्या हातातच राहिला.

घरात अधू बहीण आहे म्हणून त्यांनी नकार दिला असता, तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. त्यांनी काही विचारायच्या आतच तू मला नाकारलंस, आणि आईने मान डोलावली. याचा मला संताप आहे, दादा, आणि तो चार दिवसांत जाणारा नाही. गाडीची पाठ आणि बहीण, दोन्ही एकाच दिवशी काढून एकाच घरात ठेवलीस. चांगोच म्हणाला, आता लग्नाच्या खरेदीला पुण्याला जायचं, घाटात मागे बसायची हिरूला भीती वाटते, म्हणून पाठ परत हवी. पाठ तेवढी हवी. मी नको.

हिरूवर माझा राग नाही. घाटाच्या वळणावर मागे कलंडायची भीती मला ठाऊक आहे. म्हणून पाठ दिली चांगोकडे. पण ती कर्जतला येणार नाही. खालापूरला हिरूच्या घरी उतरव, असं मी त्याला सांगितलं आहे. खोळ काढलेली नाही. आत्या आधी म्हणाली, "पोरी, इचार कर गं," आणि मग तिनेच पुढे होऊन सुतळी बांधली. रविवारी तू तिकडे जाणार आहेस, हेही चांगोच बोलला. हिरू विचारेल, अंबू कोण? काय सांगायचं ते तू ठरव. कुणी नाही म्हणालास, तर भागूच्या हातात कऱ्हा दे आणि सुखी राहा. खरं सांगितलंस, तर मला न्यायला ये. गाडीला पाठ नसली तरी चालेल. तुझा शर्ट धरून बसेन.

तुझीच, सख्खी,
अंबू