सोयगावच्या उंटाची फेरमोजणी

गारखेडा, औरंगाबाद
ता. २२ ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप बद्रीनाथ दाजी यांच्या पायांशी मेहुणा पुंजाराम याचा, अकरा महिने उशिरानं का होईना, नमस्कार पोहोचावा.

इकडं मी आणि आवडा, दोघंही सुखरूप आहोत. तुमचा डावा गुडघा कसा आहे? भागूअक्काचा खोकला गेला का? कापसाची पहिली वेचणी झाली असेल. आमच्या मोजणी कार्यालयात दसऱ्यानंतर कामाचा रेटा आहे, पण हे पत्र कामाच्या वेळेत लिहीत नाही (आज शनिवार आहे आणि मी घरी पलंगावर बसलोय, हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्यावर तुमचा विश्वास कितपत उरलाय मला ठाऊक नाही).

मागच्या भाऊबीजेला तुमच्या ओसरीवर जे झालं ते तुम्ही विसरला नसाल. तरी एकदा सांगतो, म्हणजे मला काय आठवतं ते तुम्हाला कळेल. आपण बुद्धिबळाचा डाव मांडला होता. डाव माझ्या बाजूनं चालला होता (असं मला वाटत होतं). मी चाल केली, माठाकडं जाऊन पाणी प्यालो, परत आलो. तुम्ही घोडा उडवला, तो माझ्या वजिराला धाक देत बसला, आणि वर तुम्ही म्हणालात, "शह." मी बघतो तर लांब कोपऱ्याजवळून तुमचा उंट तिरपा थेट माझ्या राजाकडं रोखून बघतोय. हा उंट मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. मी चार माणसांत, अक्का ओवाळणीचं ताट घेऊन उभी असताना म्हणालो, "दाजी, मी पाण्याला गेलो तेवढ्यात तुम्ही उंट सरकवला." तुम्ही उठलात. टोपी घातली, आणि दारातून वळून म्हणालात, "तुला पट दिसत नाय, पुंजाराम. तुझ्याच सोंगट्या दिसतात. लबाडाच्या घरी कशाला येतो? परत पायरी चढू नको." आणि शेताकडं निघून गेलात. अक्कानं मला ओवाळलं, पण घाईघाईत उरकलं.

मी मोजणीदार माणूस, पुराव्याशिवाय हटणार कसा? तिथंच एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं पटाचा नकाशा काढला. चौसष्ट घरं, प्रत्येक सोंगटी जागच्या जागी, खाली मेलेल्यांची यादी, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. तुमची लबाडी सिद्ध करायची या एकाच हेतूनं तो कागद मी पाकिटात घालून औरंगाबादला आणला आणि तज्ज्ञ शोधू लागलो.

शहागंजात हबीबमियाँ म्हणून घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. पासष्टीचे, एका डोळ्याला भिंग, आणि टेबलाच्या एका टोकाला कायम मांडलेला पट. त्यांच्याइतका डाव वाचणारा माणूस शहरात नाही असं ऐकलं होतं. मी नकाशा पुढं ठेवला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ये उत्तर का बाण कौनसे मोहरे का है?" मग म्हणाले, लबाडी झाली की नाही ते मी सांगणार नाही, तुम्हीच बघायला शिका. मी म्हटलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, "तुम्हारे कू? देखेंगे."

तर ज्येष्ठापासून मी दर रविवारी त्यांच्याकडं शिकायला जातो. पहिला नियम असा, की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं, सोंगटीला शिवायचं नाही. पहिल्याच दिवशी मी हात मांडीखाली घातले आणि स्टुलावर जोरात बसलो. त्या स्टुलावर कुणा हेडमास्तरांचं दुरुस्त झालेलं मनगटी घड्याळ ठेवलेलं होतं. (आता ते पुन्हा दुरुस्तीला आहे. हेडमास्तर मला अजून रस्त्यात वेळ विचारतात.) दुसरा नियम, आपली चाल मनात आणायचीच नाही. "चाल नक्को सोचो. पहले बोलो, सामनेवाला क्या मांगरा?" समोरच्याचा कोण कुणाकडं बघतोय, कोण कुणाच्या आड उभाय, कोण रिकामा बसलाय, आपला राजा किती उघडा आहे, हे सगळं तोंडानं म्हणून दाखवायचं आणि शेवटी मग आपली चाल. ऐकायला सोपं वाटतं. मी तीन रविवार नुसता "माझा हत्ती, माझा घोडा" एवढंच म्हणत होतो आणि मियाँ घड्याळात तेल घालायच्या काडीनं कान कोरत बसले होते.

हात मांडीखाली घालायची सवय अशी अंगात भिनली, की जेवायला बसलो तरी तसाच. आवडा म्हणाली, "भाकरी गार होतीय. हात कुणी बांधलेत का?" साहेबांसमोर एकदा तसाच बसलो तर त्यांनी विचारलं, थंडी वाजते का.

आपला तो डाव मी घरी तिवईवर नकाशाप्रमाणं मांडून ठेवला होता आणि कुणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला होता. श्रावणात एके दिवशी मला अचानक वाट सापडली. शह चुकवायचा, वजीरही वाचतो, उलट तिसऱ्या चालीला तुमच्यावरच मात. चार संध्याकाळ तपासलं, कुठं खोट नाही. सायकल काढली आणि आकाशवाणीवर बातमी द्यावी तसा दुकानात शिरलो. हबीबमियाँनी त्यांच्या पटावर मांडायला सांगितलं, मी मांडलं. त्यांनी नकाशा शेजारी ठेवला आणि म्हणाले, "मोजणीसाब, तुम्हारा राजा रातोरात बाजू के घर में कैसा गया?" घरी येऊन चौकशी केली तर आवडा म्हणाली, "मी रोज पुसून जिथल्या तिथं ठेवते. दोन टोपीवाले सारखेच दिसतात." राजा आणि वजिराची अदलाबदल झाली होती. चार दिवस मी दुसऱ्याच कुठल्या राज्याची लढाई लढत होतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. भाद्रपदात एका रविवारी मियाँनी मला नकाशातला तो उंट दाखवला आणि विचारलं, हा कोणत्या रंगाच्या घरात आहे? पांढऱ्या. मग खेळ सुरू झाल्यापासून कुठल्या रंगाच्या घरात असेल? मी म्हटलं, पांढऱ्याच. उंट रंग बदलत नाही. "और तुम जिसकू याद कर रहे, वो?" मला जो उंट शेवटचा आठवत होता तो तुमच्या वजिराशेजारी, काळ्या घरात बसलेला. मियाँनी बोट नकाशाच्या खाली नेलं. मेलेल्यांच्या यादीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : उंट एक, दाजींचा. म्हणजे मला आठवत होता तो उंट मीच मारला होता, दाजी. जिवंत होता तो दुसरा.

मग हा दुसरा कोपऱ्याजवळ गेला कधी? मियाँ घड्याळाचा स्क्रू शोधत बसले. मी हात मांडीखाली दाबून बसलो आणि डाव मागं मागं नेऊ लागलो. तुमचा घोडा परत जागी ठेवला, तर तो बरोबर उंटाच्या वाटेत येत होता. त्याच्याआड उंट झाकला गेला होता. आणखी मागं गेलो, आणि एकदम आठवलं. अगदी सुरुवातीला तुम्ही उंट बाजूला काढून कोपऱ्याशेजारी ठेवलात, तेव्हा मी मोठ्यानं हसून म्हणालो होतो, "दाजी, उंट चरायला सोडला का?" तुम्हीही हसला होता. अक्काही आतून हसली होती. मी स्वतः पाहिलं होतं. नंतर फक्त विसरलो होतो.

 मियाँनी चहा मागवला. म्हणाले, किसने सिखाया उनकू? बहुत अच्छा खेलते. मी म्हटलं, माझे मेहुणे आहेत, सोयगावला असतात. "तो फिर इधर कैकू बैठे?" असं ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून हे पत्र मी सात वेळा लिहून फाडलंय.

दाजी, उंट जागचा हलला नव्हता. तुम्ही लबाडी केली नाही. मी चार माणसांत बोललो ते खोटं होतं, आणि मी ते परत घेतो. मला तुमच्या ओसरीवर त्या दिवशी काहीही दिसलं नव्हतं, अक्काचा चेहरासुद्धा.

अक्काला नमस्कार सांगावा. लहानांना आशीर्वाद.

आपला चुकलेला,
पुंजाराम

ता. क. हे पत्र चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवू नये. वाचायचंच झालं तर घड्याळावर बसल्याचा भाग गाळावा.

ता. क. २. माफी मागितली म्हणून डाव हरलो असं नाही. हबीबमियाँच्या मते राजा सरकवला की वजीर जातो आणि पुढं सात चालींत सगळं आटोपतं. पण ते त्यांचं मत झालं. मी अजून हार कबूल केलेली नाही, आणि ती पत्रानं करता येत नाही, समोरासमोर बसूनच करावी लागते. भाऊबीज सहा नोव्हेंबरला आहे. तुम्ही पायरी चढू नको म्हणाला होता. पोस्टकार्डावर नुसतं "ये" एवढं लिहून पाठवलंत तरी पुरे. उत्तर आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही.

ता. क. ३. (हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंय, म्हणून खालच्या कोऱ्या जागेत मी आवडाबाई लिहिते. त्यांना दाखवलेलं नाही.) दाजी, नमस्कार. पोस्टकार्डाचा खर्च करू नका. भागूवन्सं आणि मी संक्रांतीपासून एकमेकींना पत्रं लिहितोय. वन्सं म्हणतात, तुम्ही दर रविवारी औरंगाबादची एसटी यायच्या वेळेला स्टँडवर जाऊन बसता आणि विचारलं तर पेपर आणायला गेलो म्हणता. पेपर तर उन्हाळ्यापासून घरीच टाकतात. सहा तारखेला रविवारच आहे. आम्ही सकाळच्या गाडीनं येतोय.